उंचावर ठेवलेली अंडी

धुरपताबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं गावात सगळेच म्हणायचे. हे साफ खोटं होतं. कारण लागायचं आणि दर वेळी ते असायचंही. फक्त ते विचारायला कोणी थांबायचं नाही. बाईंनी तोंड उघडलं की लोक चपला शोधायला लागत.

नवरा वारला तेव्हा त्यांनी गावातलं घर दिराच्या पोराला, भुजंगला, मोकळं करून दिलं आणि स्वतः शेतातल्या घरी, आखाड्यावर, राहायला आल्या. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, बोअर, जनावरांचा हौद. समोर जमीन उतरत जाऊन नाल्याला मिळते आणि नाल्यापलीकडून देवगाव फाट्याकडे जाणारी वाट दिसते. या गोष्टीलाही सात वर्षं झाली. मुलगा आदिनाथ सेलूत शाळेवर शिक्षक. "माय, हिकडं ये," असं तो दर आठवड्याला फोनवर म्हणायचा आणि दर आठवड्याला बाई त्याला झाडायच्या. "तुज्या त्या तिसऱ्या मजल्यावर मी काय गच्चीतलं आभाळ बगत बसू का?"

पण यंदा संक्रांतीनंतर गुडघ्यांनी दगा दिला. चुलीपासून बाजेपर्यंत, बाजेपासून हौदापर्यंत, एवढीच त्यांची धाव उरली. ज्या बाईनं आयुष्यात दुपारी पाठ टेकली नव्हती, तिला दिवसभर पडवीत बाजेवर बसून राहावं लागलं. बसून राहणं हा आळशी माणसांचा धंदा, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे त्या बसल्या ठिकाणी चिडलेल्या असायच्या. स्वतःच्या गुडघ्यांवर, पत्र्यावर, उन्हावर आणि त्या टिटवीवर.

टिटवी आधीपासून होतीच. नाल्यात खाली मुरमाचा एक पट्टा उघडा पडला होता, तिथं जोडी फिरायची. माणूस दिसलं की ओरडायची, कुत्रं दिसलं की ओरडायची, काही दिसलं नाही तरी ओरडायची. तिचं ओरडणं घराजवळ अपशकुनी मानतात, म्हणून बाईंनी पहिल्या महिन्यात तिला पुष्कळ ढेकळं मारली. एकही लागलं नाही. दोघी सारख्याच हट्टी होत्या.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी बाईंना काहीतरी वेगळं दिसलं. हौदाची तोटी गळते, तिथं खाली डबकं साचतं. टिटवी त्या डबक्यात येऊन पोटापर्यंत बसली. पाणी प्यायली नाही. पोटाची पिसं घुसळून घुसळून भिजवली आणि निथळतच उठून उताराला लागली. थेट गेली नाही. चार पावलं चालली, थांबली, काही नसताना मातीत चोच मारली, उलटी फिरली, पुन्हा चालली. असं सोंग करत करत ती मुरमाच्या पट्ट्यावर पोचली आणि एका जागी पाय मुडपून अलगद खाली बसली. तिथं अंडी होती. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन होतं आणि ही बया ओल्या पोटानं अंड्यांना गारवा देत होती.

बाई काठी टेकत जेवढं जमलं तेवढं खाली उतरल्या. टिटवी उठून बाजूला झाली आणि दहा पावलांवरून त्यांनी पाहिलं. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी, निमुळती टोकं आत करून बसवलेली. खाली ना काडी ना कापूस, भोवती नुसते खडे आणि शेळीच्या लेंड्या.

"घर करायचं म्हनून काडीचाबी त्रास घेतला न्हाईस की गं," बाई म्हणाल्या. टिटवी लाल डोळ्यांनी बघत राहिली. त्या दिवसापासून ढेकळं बंद झाली.

त्यांनी पडवीच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारायला सुरुवात केली. रोज एक. आणि रोज बघायच्या. टिटव्यांमध्ये नर कोण आणि मादी कोण, हे बघून कळत नाही. पण दोघांपैकी एकीचा डावा पाय अधू होता, ती लंगडायची. लंगडी तीच बाई, असं धुरपताबाईंनी ठरवून टाकलं. दोघं पाळीपाळीनं बसायचे. एक बसला की दुसरा उंचवट्यावर उभा राहायचा. शेळी जवळ आली की लंगडी पंख पसरून तिच्या तोंडावर धावून जायची आणि एवढी मोठी शेळी बावचळून वाट बदलायची. कुत्रं आलं तर तिची वेगळीच तऱ्हा. पंख मोडल्यासारखी फरपटत भलत्याच बाजूला जायची आणि कुत्र्याला पार बांधापलीकडे नेऊन सोडायची. एवढं सगळं करून ती परत डबक्याशी, परत पोट भिजवणं, परत तेच सोंग. "कोन बगायलंय तुला? मीच तर हाय," असं बाई तिला मोठ्यानं म्हणायच्या.

पंधरा दिवसांत एक गोष्ट झाली. बाई हौदावर गेल्या तरी लंगडी उठेनाशी झाली. दुसरं कोणीही वाटेवर दिसलं की सगळा नाला डोक्यावर घ्यायची, बाईंना मात्र नुसतं बघायची. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही, पण तिचा त्यांना फार अभिमान वाटायचा. त्या चार अंड्यांतून चार पिल्लं निघावीत, आपल्या डोळ्यांदेखत निघावीत, एवढंच त्यांना त्या उन्हाळ्यात हवं होतं. दुसरं काही मागायचं राहिलंही नव्हतं.

मंगळवारी उपकेंद्राची सिस्टर संघप्रिया रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला यायची. तिनं मुरमावर बसलेली टिटवी दुरूनच पाहिली, गाडी बांधालाच लावली आणि लांबून वळसा घेऊन आली. भिंतीवरच्या रेघा बघून तिनं मोबाइलमध्ये शोधलं.

"मावशी, कोंबडीवानी एकवीस न्हाई. टिटवीला अठ्ठावीस दिवस लागतेत."

"म्हंजे मिरगाच्या आसपास," बाई म्हणाल्या आणि तिला त्यांनी पहिल्यांदाच चहा विचारला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग रोहिणी नक्षत्र लागलं आणि गावाला टिटवीची आठवण झाली.

या भागात रोहिणी लागली की लोक टिटवीची अंडी शोधतात. अंडी उंचवट्यावर असली तर पाऊस जोरात, खाली नाल्यात असली तर कमी. अंड्यांची टोकं जमिनीत रुतलेली असली तर जितकी रुतली तितके महिने पावसाचे. शिकलेले लोक यावर हसतात आणि हसून झालं की हळूच विचारतात, यंदा कुठं घातलीत म्हणून. पूर्वी गावातले मुंजाजी गुरव हे सगळं बघून पारावर सांगायचे. ते दोन वर्षांपूर्वी गेले. यंदा कोणालाच अंडी दिसली नव्हती.

भुजंगचं फाट्यावर बी-बियाणांचं दुकान. आठवड्याचा किराणा तोच आणून टाकायचा. पोरगा वाईट नव्हता. बोलायला गोड, हाताला मोकळा, फक्त सगळ्यांना खूश ठेवायची खोड होती. त्यानं पिशवी टेकवली आणि सहज म्हणाला, "मोठी माय, औंदा टिटवी कुटंच दिसंना गेली. लोक इचारू इचारू परेशान करायलेत."

सात वर्षांत धुरपताबाईंना कोणी काही विचारलं नव्हतं. पेरणी कधी करावी, पोरीला कुठं द्यावं, कशाचंच नाही. आणि आता गावाला जे हवं होतं ते फक्त त्यांना माहीत होतं. त्यांनी सांगून टाकलं. नुसतं सांगितलं नाही, काठी उगारून दाखवलं. कुठल्या खड्याशेजारी, किती, कधीपासून, पोट कशी भिजवते, शेळीला कशी हाकलते, सगळं. बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता.

भुजंग ऐकत होता, पण त्याचं लक्ष उताराकडे होतं. "खालीच घातलीत की. पार नाल्यात."

"मग? तिला तितं आवडलं."

"तसं न्हाई. म्हंजे पाऊस कमी."

"ते मला कामून सांगायलास? तिला जाऊन सांग. आन् जवळ जायचं न्हाई, लांबूनच बग."

"न्हाई जात," तो म्हणाला आणि खरंच गेला नाही. त्या दिवशी तरी नाही.

दोन दिवसांनी आदिनाथ मोटार घेऊन आला आणि गुडघ्याच्या इंजेक्शनसाठी बाईंना सेलूला घेऊन गेला. सकाळी नऊला निघाल्या, परत यायला पावणेदोन झाले. मोटार वाटेवरून वळली तेव्हाच बाईंना टिटवीचा आवाज आला. नेहमीचा नव्हता. थांबतच नव्हता.

"थांबव," त्या म्हणाल्या. "थांबव म्हन्ते ना!"

आखाड्याच्या उजव्या हाताला हिवाळ्यात खणलेलं शेततळं आहे. त्यातून निघालेल्या मुरमाचा ढीग माणसाच्या दीड उंचीचा. त्या ढिगाखाली चपलांचे आणि मोटारसायकलींचे माग उमटले होते. वर फोडलेला नारळ, हळदकुंकू, झेंडूची चार फुलं, विझलेली उदबत्ती. आणि मध्ये ती चार अंडी, निमुळती टोकं खाली करून मुरमात उभी खोचलेली. चार टोकं, चार महिने पाऊस.

खाली नाल्यात लंगडी टिटवी आपल्या जागेवर बसली होती. तिच्या खाली काही नव्हतं. ती उठायची, खाली बघायची, पाय मुडपून परत बसायची. दुसरा टिटवा वर घिरट्या घालत कोकलत होता.

आदिनाथ "माय, तुजे गुडघे" म्हणेपर्यंत बाई ढिगावर चढत होत्या. चढत कसल्या, दोन्ही हातांनी मुरूम ओरबाडत वर सरकत होत्या. पहिलं अंडं हातात घेतलं आणि त्यांचा हात दचकला. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखं ते भाजत होतं. त्यांनी चारही पदरात घेतली, खाली उतरल्या, नाल्यात गेल्या. लंगडी दोन पावलं बाजूला झाली, ओरडली नाही. बाईंनी अंडी होती तशी ठेवली, टोकं आत. मागं सरल्या. पाच मिनिटांत टिटवी डबक्याशी जाऊन पोट भिजवून आली आणि त्यांच्यावर बसली. या वेळी तिनं कुठलंही सोंग केलं नाही, सरळ आली.

मग बाईंनी फोन लावला.

"भुजंग्या, तुजे हात झडले न्हाईत का रे?"

"मोठी माय, ऐक तर. अंडी तीच हायत की. जागा जराशी वर केली."

"जराशी? तुज्या लेकराला पाळण्यातून उचलून पत्र्यावर ठिवते उन्हात. जागा जराशी वर!"

"खाली ऱ्हायली असती तर पान्यात वाहून गेली असती. आन् लोकान्ला धीर लागतो, माय. बगितल्यावर किती खुलले लोक. मी काय मारलं का तिला?"

"किती टायम व्हती वर?"

"साडेधापासून. लोक येतच ऱ्हायले, फोटो काढायलते."

"तीन घंटे! रोज पान्यानं पोट भिजवून बसती ती. कशासाठी बसती? तुला दाखवलं, तुला सांगितलं..."

"दाखवलंस तर तूच," भुजंग म्हणाला. वाईट हेतूनं नाही, सहज तोंडातून गेलं. "तूच दाखवलीस ना, मोठी माय."

धुरपताबाईंनी फोन ठेवला. त्या रात्री त्यांनी जेवण केलं नाही आणि आदिनाथला सेलूला परत पाठवून दिलं. त्यांना कोणाचं तोंड बघायचं नव्हतं, स्वतःचंही.

रेघा चालू राहिल्या. सतरा, अठरा, एकोणीस. टिटवी बसत होती, म्हणजे काहीतरी असेल. तिला आतलं कळत असेल, असं बाईंनी मनाशी धरलं. भुजंग फिरकला नाही. किराणा दुसऱ्याच कोणाच्या हातून यायला लागला. वाटेवरून जाणारे मात्र आता मुद्दाम थांबायचे. गावातले किशनराव, दुरून दीर लागणारे, बैलं घेऊन जाताना हाक मारून म्हणाले, "वैनी, तुमच्या टिटवीनं काम केलं बगा! आमी धूळपेरणी करून टाकली कापसाची. औंदा चार महिने पाऊस!"

"टिटवीनं काईच सांगितलं न्हाई, भावजी! त्यो भुजंग्यानं सांगितलं!"

"तेच की," किशनराव हसून म्हणाले आणि पुढं गेले. बाईंचा तो नेहमीचा राग आहे असं त्यांना वाटलं. सगळ्यांना तसंच वाटायचं. खरं बोलायचं आणि लोकांनी त्याला स्वभाव म्हणायचं, हे बाईंना आयुष्यभर सोसावं लागलं होतं. पण या वेळी त्यात एका मुक्या जिवाचं वाटोळं होत होतं, म्हणून ते सोसवत नव्हतं.

सत्तावीस. अठ्ठावीस. त्या दिवशी बाई पहाटेपासून बाजेवर बसून होत्या. काही झालं नाही. एकोणतीस, तीस. आभाळ रोज भरून यायचं आणि संध्याकाळी रिकामं व्हायचं. शेजारच्या रानात कापसाचं बी कोरड्या मातीत पडून होतं. लंगडी वाळत चालली होती. तिची हाडं दिसायला लागली होती, तरी दुपारी ती डबक्याशी यायची, पोट भिजवायची आणि परत जायची. बाईंना ते बघवायचं नाही आणि नजर हटवताही यायची नाही. नुसता संताप व्हायचा. "ऊठ गं," त्या ओरडायच्या. "ऊठ, आता काई न्हाई त्यात!" मग लगेच वाटायचं, असेल. एखादं तरी असेल.

पस्तिसाव्या दिवशी मंगळवार होता. संघप्रिया आली, रेघा मोजल्या आणि रक्तदाबाचं यंत्र पिशवीतून काढायचं विसरून गेली. "मावशी..."

"मला म्हाईत हाय."

ती गेल्यावर बाई खाली उतरल्या. लंगडीला त्यांची सवय होती. त्या अगदी जवळ गेल्या तरी ती ओरडली नाही, हात पोटाखाली गेला तेव्हा फक्त जराशी बाजूला झाली. बाईंनी एक अंडं कानाशी धरून हलवलं. जन्मभर कोंबड्या पाळल्या होत्या. निघायच्या बेताला आलेलं अंडं भरीव लागतं. हे आत डचमळत होतं. दुसरंही. चारही.

ही अशी बसूनच राहील. उन्हानं वाळून मरेल, पण उठणार नाही. हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी चारही अंडी दुरडीत कापसावर ठेवली. मग काठी घेतली आणि दीड किलोमीटरवरच्या फाट्याच्या वाटेला लागल्या. जानेवारीपासून त्या हौदापलीकडे स्वतःच्या पायांनी फारशा गेल्या नव्हत्या. चार ठिकाणी बसल्या. दोन मोटारसायकली थांबल्या, "बसा आजी" म्हणाल्या. बाईंनी दोघांनाही हाकललं.

दुकानात सात-आठ माणसं होती. किशनराव बाकड्यावर बसून पेरलेलं उगवलं नाही म्हणून पुन्हा बियाण्याची चौकशी करत होते. भुजंगनं बाईंना बघितलं आणि तो उभाच राहिला. "मोठी माय! चालत? गुडघे..."

बाईंनी दुरडी काउंटरवर ठेवली. चारही अंडी काढून त्याच्यासमोर मांडली, टोकं आत.

"बस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बस यांच्यावर. उंचावर तूच नेली ना? पस्तीस दिस बसली ती. एका पायानं लंगडती, चाळीस बेचाळीसच्या उन्हात बसली, पोट भिजवून भिजवून बसली. आता तू बस."

कोणीतरी हसलं. बाई गर्रकन वळल्या. "हसायला काय झालं? नारळ कोनी फोडला? फोटो कोनी काढले? तीन घंटे तिचा जीव तितं कोकलत व्हता, तुमच्या डोक्यावर, एकालाबी ऐकू आलं न्हाई? तिनं पाऊस सांगावा वाटला तुमाला. ती सांगत व्हती ते कोनी ऐकलं?"

"मोठी माय, तमाशा कामून करायलीस," भुजंग हलक्या आवाजात म्हणाला आणि अंडी उचलून परत दुरडीत घालायला गेला. घाई केली. एक निसटलं, बियाण्याच्या पाकिटावर आपटलं आणि फुटलं.

वास असा आला की दोन माणसं नाक दाबून बाहेर पडली. काळपट पाणी पाकिटावरून खाली ओघळलं. त्यात काहीतरी होतं. पुरतं झालेलं नव्हतं, पण दोन पाय होते. टिटवीचेच, काडीसारखे, लांब. ते कोणाचे आहेत हे विचारावं लागलं नाही.

किशनरावांनी टोपी काढून हातात घेतली. भुजंगचा हात तसाच हवेत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं का वासानं झोंबलं, हे बाईंनी बघितलं नाही. त्यांना बघायचं नव्हतं.

"पुसू नको," त्या म्हणाल्या. "सांजपस्तोर ऱ्हाऊ दे. येईल त्याला दाखव, पाऊस किती सांगितला टिटवीनं."

रिकामी दुरडी तिथंच टाकून त्या निघाल्या. येताना रस्ता जास्त लांब झाला. गुडघे पेटले होते. त्यांना वाटलं होतं, बोलून मोकळं वाटेल. आजवर रागावून झालं की वाटायचं. आज वाटलं नाही.

नाला ओलांडून त्या आखाड्याच्या उताराला लागल्या आणि मुरमाच्या पट्ट्यावरून टिटवी उठली. लंगडीच. ती सरळ बाईंवर आली. डोक्यावरून पंख घासत गेली, वळली, पुन्हा आली. तिचा आवाज कानात घुसत होता. कुत्र्याला करायची ते, शेळीला करायची ते, सगळं ती आता बाईंना करत होती. पस्तीस दिवसांत एकदाही तिनं बाईंवर झेप घेतली नव्हती.

बाईंनी काठी उचलली नाही. पदर डोक्यावर ओढला नाही. तिथंच मुरमात खाली बसल्या, रिकाम्या जागेपासून दोन हातांवर.

"वरड," त्या म्हणाल्या. "वरड माय, लय वरड. मीच दाखवली व्हती."